नुसती चरबी, म्हणून मूत्राशय वाचवायचंच का?

तिरकस_वाचक: काल इथे एकाने ठोकून दिलं, "पेल्विक लायपोमॅटोसिस म्हणजे नुसती चरबी. मूत्राशय काढा म्हणणारा डॉक्टर पैसे उकळतोय." डोकंच सणकलं. कॅन्सर नाही, कबूल. पण ती चरबी ओटीपोटात मूत्राशयाला चहूबाजूंनी आवळते, सीटीत ते उलट्या नासपतीसारखं दिसतं. मूत्रवाहिन्या दाबल्या जातात, किडन्या फुगतात. किडनी गेल्यावर कुणाच्या नावाने बोंब मारणार?

कोल्हापुरी_ठसका: घाबरवू नका ओ. माझ्या मेव्हण्याला एकाने थेट मूत्राशय काढून पोटावर लघवीची पिशवी सांगितलेली. दुसऱ्याने चरबी सोडवून मूत्रवाहिन्या मूत्राशयात नव्या जागी जोडल्या. गडी आज बुलेट हाणतोय.

तिरकस_वाचक: एका मेव्हण्यावर शास्त्र चालत नाही. ही चरबी रक्ताळ, अवयवांना घट्ट चिकटलेली. काढताना आतडं, रक्तवाहिनी काहीही फाटू शकतं. १९५९ मध्ये पहिलं वर्णन झालं, आजही हातात आहेत ते बहुतेक थोड्याथोडक्या रुग्णांचे अनुभव.

सोलापूरची_सून: ते राहू द्या. आमच्या ह्यांना जो तो डॉक्टर "आधी वजन उतरवा." पाच फूट दहा इंच, ६२ किलो! पट्ट्याला आणखी एक भोक पाडून पॅन्ट आवळतात. फाईल न उघडताच डाएटचा कागद हातात.

उपाशी_विठोबा: वजन उतरवून फरक पडल्याच्या नोंदी आहेत, ताई. सरसकट थट्टा नको.

सोलापूरची_सून: ६२ किलोतून काय उतरवू, हाडं? जिमची जाहिरात दुसरीकडे करा.

उपाशी_विठोबा: मी जाड माणसांबद्दल बोलत होतो. नीट वाचायचे कष्ट घ्या.

सोलापूरची_सून: मग धागा जाड माणसांचा काढा!

कोल्हापुरी_ठसका: भांडा निवांत. मूत्राशय राहिलं बाजूलाच.

तिरकस_वाचक: बरं बाबा, किडन्या धड असतील तर घाई नको. सोनोग्राफी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) बघत राहा. आत सिस्टायटिस ग्लँड्युलॅरिस, म्हणजे मूत्राशयाच्या अस्तरात ग्रंथींसारखा बदल, असेल तर वरचेवर दुर्बीण घाला. वाचवायचं तर वाचवा, पण सर्जनला विचारा, अशा किती केल्यात? आणि क्रिएटिनिन चढत राहिलं तर पिशवीला नाकं मुरडू नका.

कोल्हापुरी_ठसका: म्हणजे पिशवी शेवटी. हेच मेव्हणा म्हणत होता, फक्त त्याला १९५९ पाठ नव्हतं.