ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० : शहरात सातच्या वर ॲव्हरेज जाईना, काय करता येईल?

बावधनकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आहे. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती आणि सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स), म्हणजे गाडी कशी आहे ते इथल्या जाणकारांना वेगळे सांगायला नको. गाडीबद्दल माझी काहीही तक्रार नाही आणि ती विकण्याचा विचारही नाही, परंतु पेट्रोलचा महिन्याचा हिशोब मात्र आता खटकू लागला आहे.

माझा रोजचा प्रवास बावधन ते हिंजवडी असा असून एका बाजूचे अंतर साधारण १५ किलोमीटर भरते. वाकडच्या पुलापासून पुढे काय अवस्था असते ते पुणेकरांना ठाऊकच आहे. या वापरात टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल अशा हिशोबाने प्रतिलिटर सात किलोमीटर मिळतात, तर डॅशबोर्डवरील पडदा त्याहून थोडा अधिक आकडा दाखवतो. सुटीच्या दिवशी द्रुतगती मार्गाने पनवेलला गेल्यास तेरापर्यंत आकडा जातो. सर्व्हिस वेळेवर झालेली आहे.

एका ओळखीच्या गृहस्थांनी कापडी एअर फिल्टर बसवण्याचा सल्ला दिला, दुसऱ्यांनी इंधनात टाकायची बाटली सुचवली आणि तिसरे म्हणाले की ९५ ऑक्टेनचे पेट्रोल भरल्यास फरक पडेल. यातील कशावर पैसे घालवावेत आणि कशावर घालवू नयेत, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास आभारी राहीन.

डिझेलप्रेमी

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ॲव्हरेज पाहायचे होते तर त्याच ऑक्टाव्हियाचे दोन लिटर डिझेल मॉडेल त्या काळी बाजारात उपलब्ध होते. ही गाडी घेतली त्या दिवशीच पेट्रोलचा खर्च मान्य केला असे समजावे. तुमच्या रस्त्यावर सातचा आकडा मला तरी वाईट वाटत नाही.

सहावा गिअर

डिझेलप्रेमी यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सात हा आकडा बिघाडाचा नाही, पण तो अटळही नाही. २३० अश्वशक्ती ही इंजिनाची क्षमता आहे. ती दर क्षणी खर्च होत नसते. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग कायम ठेवण्यासाठी या आकाराच्या गाडीला जेमतेम १५ ते २० अश्वशक्ती लागते. म्हणून तीच गाडी महामार्गावर तेरा देते. शहरात सात मिळतात, याचा अर्थ तुमचे पेट्रोल गाडी चालवण्यात कमी आणि ती पुन्हापुन्हा थांबवण्यात अधिक जात आहे.

थोडा हिशोब मांडतो. माणसांसह सुमारे दीड टनाची ही गाडी शून्यापासून ताशी ६० पर्यंत नेण्यासाठी, इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर, साधारण २५ ते ३० मिलीलिटर पेट्रोल लागते. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की त्या पेट्रोलने मिळवलेल्या सगळ्या गतीची उष्णता होऊन ती ब्रेकच्या चकत्यांतून हवेत जाते. वाकड ते हिंजवडी या पट्ट्यात असे २० वेळा घडले की अर्धा लिटरच्या आसपास पेट्रोल केवळ ब्रेकवर गेले. त्यात उभ्या गाडीचा खर्च मिळवा. एसी चालू ठेवून उभे असलेले दोन लिटरचे इंजिन तासाला सुमारे एक लिटर पिते, म्हणजे २० मिनिटांच्या कोंडीत पाव लिटरहून अधिक पेट्रोल एक मीटरही पुढे न जाता संपते. १५ किलोमीटरला तुम्हाला एकूण दोन लिटरहून थोडे अधिक लागत आहे, त्यातला मोठा वाटा या दोन गोष्टींचा आहे.

यावरचा उपाय पायात आहे. पुढे लाल दिवा किंवा थांबलेली रांग दिसली की ॲक्सिलरेटरवरून पाय लगेच काढावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून वेग ओसरू द्यावा. त्या अवस्थेत, इंजिनाचे फेरे पुरेसे असेपर्यंत, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर पेट्रोल देणे पूर्ण बंद करतात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर इंजिन जिवंत ठेवण्यासाठी उलट पेट्रोल लागते, आणि उतारावर ते धोक्याचेही आहे. बोरघाट उतरताना न्यूट्रल करून पैसे वाचवल्याचे अभिमानाने सांगणारे लोक भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावे.

वेग घेताना मात्र फार हळूही जाऊ नये. पेडलवर अगदी अलगद पाय ठेवण्याचा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो, पण अशा टर्बो इंजिनाला १५०० आरपीएमपासूनच ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) मिळत असल्याने, कमी फेऱ्यांवर मध्यम जोर देऊन लवकर वरच्या गिअरमध्ये जाणे अधिक किफायतशीर ठरते. गिअरबॉक्स डी (नेहमीच्या ड्राइव्ह) मध्ये ठेवल्यास तो हे आपोआप करतो. एस (स्पोर्ट) मध्ये तो फेरे चढेच ठेवतो, त्यामुळे गर्दीत एस वापरणे म्हणजे पैसे उधळणेच आहे. आणि पेडल तळाला नेले की हवा आणि पेट्रोलचे मिश्रण १४.७ ला १ या (शुद्ध पेट्रोलच्या आदर्श) प्रमाणात राहत नाही. एक्झॉस्ट आणि टर्बो थंड राखण्यासाठी इंजिनाचा संगणक जास्तीचे पेट्रोल ओततो. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळलेला वायू गोळा करणारी नळी) सिलिंडर हेडमध्येच असून पाण्याने थंड होतो, त्यामुळे ही गरज जुन्या इंजिनांपेक्षा कमी आहे, पण संपलेली नाही.

आता महामार्गाबद्दल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० ऐवजी १२० ने गेल्यास दर किलोमीटरला इंजिनाला सुमारे पाव पट अधिक काम करावे लागते. पनवेलहून परतताना खोपोली ते लोणावळा हा साधारण साडेपाचशे मीटरचा चढच पाऊण ते एक लिटर जादा पेट्रोल खातो, म्हणून जाता-येताचा आकडा एकत्र धरल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तरीही महामार्गाची चिंता कमी करा. तेराचे पंधरा झाले तर १०० किलोमीटरमागे एक लिटर वाचतो. सातचे साडेआठ झाले तर अडीच लिटर वाचतात, आणि तुमचे रोजचे किलोमीटर शहरातलेच आहेत. शक्य असेल तर ऑफिसला अर्धा-पाऊण तास लवकर निघा. या सगळ्या युक्त्यांपेक्षा त्याचाच फरक मोठा पडेल.

साताऱ्याचे गॅरेजवाले

वर सांगितलेले सर्व मान्य आहे. मी फक्त यंत्राच्या बाजूने भर घालतो, कारण वापरलेल्या गाडीत आधी ती निरोगी आहे याची खात्री करावी लागते.

पहिली तपासणी थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिनाच्या कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेची, करावी. तो उघडाच अडकला तर इंजिन पुरेसे गरम होत नाही, संगणक ते थंडच आहे असे धरून मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवतो, आणि मालकाला डॅशबोर्डवर कोणताही दिवा दिसेलच असे नाही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे वाचणारे उपकरण) लावून २० मिनिटे चालवल्यावर कूलंटचे तापमान कुठे स्थिरावते ते पाहिले की उत्तर मिळते. त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणात संगणक करत असलेली दुरुस्ती) पाहावे. ते कायम वाढलेले असेल तर टर्बोनंतरच्या पाइपांत किंवा इनटेकमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात) हवेची गळती शोधावी लागेल. त्यानंतर चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावीत. ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) अडकून घासत असेल तर ॲव्हरेजबरोबर पॅडही जातात, आणि गर्दीत वापरल्या जाणाऱ्या गाड्यांत हा दोष आम्हाला बरेचदा सापडतो.

टायरमधील हवा दाराच्या खांबावरील किंवा इंधनाच्या झाकणामागील तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. नायट्रोजन भरल्याने ॲव्हरेज वाढत नाही. स्पोर्टी दिसावी म्हणून कोणी रुंद आणि जड चाके बसवली असतील तर मूळ मापाकडे परत यावे.

कापडी फिल्टरवर पैसे घालवू नका. इंधन इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की संगणक पेट्रोलही तेवढेच कमी देतो. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये यावर चाचण्या घेतल्या, तेव्हा मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरनेही आधुनिक गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची ताकद तेवढी कमी झाली. बाटलीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

बावधनकर

दोघांचेही मनापासून आभार. स्कॅनर या आठवड्यातच लावून घेतो. दोन शंका राहिल्या. एक ट्यूनर म्हणतो की स्टेज वन रिमॅप (इंजिनाच्या संगणकाच्या प्रोग्राममधील प्राथमिक बदल) केल्यास ताकदीबरोबर ॲव्हरेजही वाढेल. आणि ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल आल्यापासून आकडा उतरला असे अनेक जण सांगतात, त्यात तथ्य किती आहे?

सहावा गिअर

रिमॅपमध्ये मुख्यतः टर्बोचा दाब आणि प्रज्वलनाची वेळ बदलते, आणि तो बदल प्रामुख्याने जोर दिल्यावर जाणवतो. हलक्या पायाने चालताना इंजिन रिमॅपपूर्वीही १४.७ ला १ वर चालत होते आणि नंतरही त्याच प्रमाणावर चालणार, तेव्हा तिथे वाचण्यासारखे फारसे उरत नाही. शिवाय नवी ताकद हाती आल्यावर पाय हलका राहतो असे मला कोणत्याही मालकात दिसलेले नाही. ताकदीसाठी रिमॅप करायचे असेल तर खुशाल करा, पण पेट्रोलच्या बचतीचे कारण घरी सांगू नका.

ई-२० बद्दलची तक्रार खरी आहे, फक्त तिचे प्रमाण नीट समजून घ्यावे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांचा तोटा गणितानेच येतो, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींसाठी याच आसपासचा अंदाज दिला होता. तुमच्या सातमध्ये याचा वाटा अर्धा किलोमीटर धरा. एखाद्याचा आकडा दहावरून सातवर आला असेल तर त्याला इथेनॉलखेरीज दुसरे कारण शोधावे लागेल. २०१७ ची गाडी ई-२० साठी बनवलेली नसल्याने इंधनाचे पाइप आणि सील सर्व्हिसच्या वेळी पाहून घेणे मात्र योग्य ठरेल.

९५ ऑक्टेनचा मुद्दा राहिला. कमी ऑक्टेनवर नॉकची (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके बसण्याची) चाहूल लागताच संगणक प्रज्वलन मागे खेचतो आणि कार्यक्षमता घटते, म्हणून उन्हाळ्यात किंवा भरल्या गाडीने घाट चढताना चढ्या ऑक्टेनचा थोडा लाभ होऊ शकतो. हिंजवडीच्या रांगेत इंजिनावर तेवढा भारच येत नाही. ऑफिसच्या फेऱ्यांना साधे पेट्रोल भरा आणि महाबळेश्वरला निघताना हवे तर महागडे भरा. दोन्ही वेळा त्याच पंपावर, त्याच नोझलवर, पहिल्या ऑटो-कटला थांबून भरले तरच आकड्यांची तुलना करता येईल.