नागपूरच्या कॉल सेंटरमधून बोलावणं आलंय, जाऊ का? ज्यांनी काम केलं त्यांनी सांगा

घाटंजी_तालुका

नमस्कार ताई-दादांनो. मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावची. बी.ए. झालं, मग दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली. ग्राउंड निघालं, लेखीत सहा मार्कांनी राहिले. आता नागपूरच्या एका कॉल सेंटरवाल्यांनी सोमवारपासून ट्रेनिंगला ये म्हटलंय. हातात साडेअकरा हजार. घरी सहा एकर कोरडवाहू आहे, यंदा सोयाबीन कापणीच्या वेळच्या पावसात गेलं, म्हणून मला खरंच गरज आहे.

बाबा म्हणतात, "फोनवर बोलाचे पैसे कोन देते? फसवणूक असन." आई म्हणते रात्रपाळी असन तर पाठवत नाही. आणि मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुमचा टोन गावाकडचा आहे, तो ट्रेनिंगमध्ये काढू." काढतात म्हणजे नेमकं काय करतात? काम कसं असतं, माणूस टिकतं का? खरं खरं सांगा.

अडाणकाठची

ताई, मी दारव्हा तालुक्यातली. नागपूरला अडीच वर्षं हेच काम केलं. पहिले दहा महिने विक्री, नंतर वसुली. आता गावाजवळ एका सेवा केंद्रावर बसते.

टोनपासूनच सुरू करते, कारण मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. आमचं ट्रेनिंग बारा दिवसांचं होतं. भिंतीवर एक मोठा कागद लावलेला, डाव्या बाजूला आपण बोलतो ते आणि उजव्या बाजूला बोलायचं ते. 'करून राहिली' खोडलेलं, समोर 'करत आहे'. 'मले' खोडलेलं, 'मला'. 'काहून' खोडलेलं, 'का'. वाक्याच्या शेवटी माझ्या तोंडून 'नं' आलं की ट्रेनर टेबलावर पेन वाजवायची. मला वाटलं हेही शिक्षणच आहे, शिकून घ्यावं. शिकले. एका रात्री घरी फोन लावून आईला 'जेवलीस का' विचारलं, तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "कोन बोलून राहिली?"

मग मला वसुलीच्या प्रोसेसला, म्हणजे त्या कामाच्या विभागाला टाकलं. दुचाकीची कर्जं, हप्ते थकलेले लोक. यादी यायची ती यवतमाळ, वाशीम, अमरावती, बुलढाण्याची. दुसऱ्याच आठवड्यात टीएल, म्हणजे आमचा टीम लीडर, माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाला, तू वऱ्हाडीच बोल, तुझ्याशी लोक जास्त वेळ बोलतात. जी बोली काढायला बारा दिवस लावले, तीच आता पैसे काढायला पाहिजे होती. आणि मी बोललेही. "काय झालं भाऊ, हप्ता काहून राहिला?" असं विचारलं की समोरचा फोन कापत नाही. त्याला वाटतं आपल्याच भागातली पोरगी आहे. तो सगळं सांगतो, घरचं आजारपण, मुलीचं लग्न, सगळं.

नोव्हेंबरात आर्णीकडच्या एका शेतकऱ्याला फोन लागला. पहिल्या वेचणीचा कापूस घरात पडलेला, भाव नाही म्हणून थांबलेला, वेचणाऱ्या बायांची मजुरी द्यायची बाकी. म्हणाला, "पोरी, कापूस इकला का पहिले तुया हप्ता भरतो." त्याच आठवड्यात आमच्या घरी पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत रचलेला होता आणि माझे बाबा त्याच कारणाने थांबले होते. मी स्क्रीनवर त्याच्या नावापुढे 'भरण्याचा शब्द दिला' निवडलं आणि शुक्रवारची तारीख टाकली. त्याने तारीख दिलीच नव्हती. पण तारीख भरल्याशिवाय तो कॉल बंद होत नाही, पुढचा येत नाही, आणि तुझी मिनिटं तिकडे मोजली जात असतात. शुक्रवारी डायलरने, म्हणजे नंबर फिरवणाऱ्या संगणकाने, त्याला आपोआप परत फोन लावला. तो दुसऱ्या मुलाला लागला आणि त्या मुलाने त्याला ऐकवलं, तुम्ही शब्द दिला होता, आता फिरता कसे? मी नंतर ते रेकॉर्डिंग ऐकलं. तो माणूस एवढंच म्हणत होता, "मी अशी तारीख नाई देल्ली बाप्पा." ते माझ्या हातून झालं. त्यानंतर चार महिन्यांनी मी सोडलं.

म्हणून पहिली गोष्ट, सोमवारच्या आधी फोन करून विचार की प्रोसेस कोणती. इनबाउंड म्हणजे लोक तक्रार किंवा चौकशीसाठी आपल्याला फोन करतात. आउटबाउंड म्हणजे आपण त्यांना. त्यातही विक्री वेगळी, वसुली वेगळी. पगार सारखाच दिसतो, पण रात्री झोप लागते की नाही ते यावर ठरतं.

बाकी कामाचं म्हणशील तर नंबर तू फिरवत नाहीस. संगणक फिरवतो. एक माणूस ठेवतो न ठेवतो तोच कानात टुक वाजतं आणि दुसरा 'हॅलो, हॅलो' करत असतो. माझे दिवसाला दीडशेच्या वर कॉल व्हायचे, त्यातले निम्मे कुणी उचलायचेच नाहीत. नऊ तासांची शिफ्ट, त्यात जेवणाचा अर्धा तास आणि चहाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन ब्रेक. लघवीला जायचं तरी बटण दाबून, तेही त्याच वेळेत धरतात. पाळीच्या दिवसांत याचा फार त्रास होतो आणि टीएल पुरुष असला की सांगता येत नाही, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एखादी जुनी मुलगी गाठून ठेव. शिव्यांचं फार मनावर घेऊ नको, पंधरा दिवसांत कान तयार होतो. मात्र घाण बोलणाऱ्याचा फोन आपण केव्हा कापू शकतो, हे ट्रेनिंगमध्येच विचार. आमच्याकडे दोनदा समज देऊन कापता यायचा आणि निम्म्या मुलींना ते माहीतच नव्हतं.

बाबांना सांग, नोकरीसाठी कुणी डिपॉझिट मागितलं किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणालं तर तिथूनच परत ये. झेरॉक्स दे. नेमणूकपत्र, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) तिन्ही माग. ईएसआय 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना असतो, तुझ्या पगारातून 0.75 टक्के कापतात, आणि तुझ्यावर अवलंबून असलेल्या आई-बाबांचाही त्यात इलाज होतो. आईला सांग, महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. संमती दिली तर सुरक्षा आणि घरापर्यंत पोचवायची सोय मालकाला करावी लागते. आणि नुसती गेटपर्यंत सोडणारी गाडी नको, खोलीच्या दारापर्यंतची माग.

कोरडवाहू

मी कृषी पदवीधर, शेतकऱ्यांच्या सल्ल्याच्या फोनवर तीन वर्षं बसलो. काम तेच, हेडसेट तोच, पण आमच्याकडे माणूस स्वतःहून फोन करायचा. त्याने फरक पडतो. सरकारी किसान कॉल सेंटर 2004 पासून चालू आहे, 1800-180-1551, सकाळी 6 ते रात्री 10, आणि मराठीत बोलता येतं.

2017 नंतर गुलाबी बोंडअळीचेच फोन जास्त. "साहेब, कोनतं औषध मारू?" मी आधी विचारायचो, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे) लावले का, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले का. आणि प्रत्येक वेळी तोंडाला, हाताला काय बांधता ते विचारायचो. त्या वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, त्यामुळे तो प्रश्न मी वेळ गेला तरी सोडला नाही. 'पराटी' म्हणणाऱ्याला मी कधी 'कपाशी' म्हणायला लावलं नाही. ताई, बोली काढायला लावणाऱ्या जागी जायचं असेल तर जा, गरज आहे तर जावंच लागतं. पण सहा महिन्यांनी इनबाउंडला बदली माग. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

मंगरूळपीरचा

मी दुसऱ्या बाजूचा. ट्रॅक्टरचे दोन हप्ते थकले होते, रात्री नऊला फोन यायचे. नंतर कळलं की रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्येच सांगितलंय, थकलेल्या कर्जासाठी वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. तू वसुलीला बसलीस आणि सातनंतर यादी दिली, तर तुला हे माहीत पाहिजे. एका मुलीवर मी फार वाईट ओरडलो होतो. वरची पोस्ट वाचून तिची आठवण आली. ती आमच्याकडच्याच बोलीत बोलत होती.

घाटंजी_तालुका

सगळ्यांचे आभार. फोन करून विचारलं. पहिले तीन महिने विम्याच्या नूतनीकरणाचं आउटबाउंड, वसुली नाही म्हणाले. नेमणूकपत्र ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी. पाळी सकाळी साडेनऊची. बाबांना तुमचं सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले, "जाऊन पाह्य." अडाणकाठच्या ताई, सोबत काय आणू?

अडाणकाठची

वसुली नाही हे नेमणूकपत्रात लिहून मागून पाहा. देणार नाहीत बहुतेक, पण विचारलं की लक्षात ठेवतात.

हेडसेटचे स्पंज स्वतःचे घे, सीताबर्डीवर मिळतात. शिफ्ट बदलली की तोच हेडसेट दुसऱ्याच्या कानाला जातो, मला त्यानेच कानाला फोड आला होता. एसी थेट डोक्यावर असतो, जाड ओढणी आण. पाण्याची बाटली एक लिटरची. हिंगणा रोडला आम्ही चौघी राहायचो, दोन-दोन हजार पडायचे, त्या खोलीच्या मालकीणबाई अजून मुलीच ठेवतात. पत्ता मेसेज करते. रविवारी दुपारच्या गाडीने निघ, यवतमाळहून चार तास तरी धर, अंधाराच्या आत पोचशील.