मदत हवी आहे : सायटिकाची लक्षणे आणि एमआरआयचा अहवाल जुळत नाहीत

गेल्या १० आठवड्यांपासून उजव्या कुल्ल्यातून निघणारी कळ मांडीच्या मागून पोटरीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत उतरते. कमरेचा पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांमधील चकती सरकून एस-१ मज्जामुळावर (त्रिकास्थीच्या पातळीवरील पहिल्या नसेच्या मुळावर) दाब येत असल्याचे एमआरआयमध्ये म्हटले आहे. परंतु बधिरपणा पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात आहे आणि अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. एस-१ दबले असते तर करंगळीकडची कड बधिर झाली असती आणि चवड्यांवर चालणे जड गेले असते, जे मला सहज जमते.

सायटिक नस (कमरेतून पायात उतरणारी मोठी नस) साधारणतः गुडघ्याच्या वर दुभंगते आणि तिची बाहेरची शाखा गुडघ्याखाली बारीक हाडाला वळसा घालते. पायावर पाय टाकून बसल्याने तेथेही दाब येऊ शकतो, आणि ती माझी जुनी खोड आहे.

सहा आठवडे फिजिओथेरपी व वेदनाशामक गोळ्या घेऊन कळ निम्मी झाली, बधिरपणा मात्र तसाच आहे. मधुमेह नाही, लघवी-शौचावरील ताबा उत्तम आहे. पुढील तपासणी १५ दिवसांनी आहे.

नस कमरेत दबली आहे की गुडघ्याजवळ, हे ठरवण्यासाठी पाऊल आत वळवण्याची ताकद पाहणे पुरेसे असते, की नर्व्ह कंडक्शन (नसेतून संदेश कसा वाहतो ते पाहणारी) व ईएमजी (स्नायूंमधील विद्युत हालचाल मोजणारी) या दोन्ही चाचण्यांचा आग्रह मी धरावा?