जन्मानंतरच्या पहिल्या तासातील स्तनपान: प्रशिक्षणात नेमके काय शिकवावे?

प्रश्न (आरोग्यसेविका, धारणी तालुका)
आमच्या आरोग्य केंद्रात नव्या सेविका आणि पूर्वी घरी बाळंतपणे करणाऱ्या दोन दाया यांच्यासाठी एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवायचे आहे. तासाच्या आत बाळाला अंगावर पाजावे, हे सर्वांना पाठ आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारचा स्तनपानाला चालना देणारा ‘मा’ कार्यक्रम सुरू झाल्यापासून तर ते सतत सांगितले जाते. प्रत्यक्षात मात्र नाळ कापली की पुसणे, वजन, इंजेक्शन आणि गुंडाळणे यांतच वेळ जातो आणि बाळ आईजवळ येते तेव्हा पेंगुळलेले असते. बाहेर आजी मधाचे बोट घेऊन उभीच असते. हे कसे बदलावे?

उत्तर १ (निवृत्त परिचर्या शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)
ताई, अडचण माहितीची नाही, हातांच्या सवयीची आहे. बाळ रडले आणि श्वास नीट असला, तर त्याला कोरडे करून लगेच आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवावे, पाठीवर कोरडे कापड व डोक्यावर टोपी घालावी. वजन आणि ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन तासभर थांबू शकते. बाळाचे हात मात्र पुसू नयेत, कारण त्यांना लागलेल्या गर्भजलाचा वास बाळाला स्तन शोधायला मदत करतो. ते हात चाटते, पाय रेटत सरकते आणि बहुधा तासाभरात स्वतःच तोंड लावते. तोवर सेविकेने जवळ थांबून नाक मोकळे आहे ना आणि रंग गुलाबी आहे ना, एवढेच पाहत राहायचे. हे पाहत राहणेच सर्वांत कठीण जाते. मी सेविकांच्या जोड्या लावून एकीला दुसरीचे डोके मागून ढकलायला सांगत असे. मान आपोआप ताठ होई, सगळ्या हसत, आणि बाळाचे डोके स्तनाकडे दाबले की ते का मागे रेटते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

उत्तर २ (आशा, गडचिरोली जिल्हा)
आजीला बाहेर उभी ठेवू नका, प्रशिक्षणालाच बोलवा. चीक बाळाला पचत नाही असे म्हणणाऱ्या एका आजीला मी विचारले, की गाय व्याली तेव्हा वासराला आधी काय पाजले? त्यांनी मधाची वाटी मुकाट्याने फळीवर ठेवली. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभरच पिते, त्यामुळे थोडा चीकही पुरतो, हेही सांगावे. दायांना रक्तस्रावाची धास्ती असते. बाळाने चोखले की गर्भाशय आकुंचन पावते आणि त्याने रक्तस्राव आटोक्यात राहायला मदत होते, हे त्यांना चटकन पटते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. सिझर झालेल्या आईचे काय करावे?

उत्तर १
कमरेतून भूल दिली असल्यास आई जागी असते. तिची व बाळाची प्रकृती ठीक असेल, तर टेबलावरच बाळ छातीवर आडवे ठेवता येते. सलाईनचा हात मोकळा नसतो, म्हणून बाळाला धरायला एक सेविका मात्र आधीच नेमून ठेवावी.