मदत हवी आहे: रॉकेट उडालं की ट्रॅकरचा सिग्नल जातो

तुरीतला_शोध: मॉडेल रॉकेटमध्ये लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ) आणि निओ-6एम जीपीएस आहे. बांधावरून दीड किलोमीटरवर सिग्नल येतो, पण उडालं की दोन सेकंदांत बंद. पॅराशूट उघडतं, खाली तुरीत पडलं की सापडत नाही. रविवारी परत उडवायचंय, लवकर सांगा.

अँटेनावाला: बंद म्हणजे काय? पॅकेटच (ट्रॅकरनं पाठवलेले छोटे संदेश) येत नाहीत, की येतात पण जागा चुकीची? नळी कशाची? फ्रिक्वेन्सी कोणती? उभे कुठं होतात?

नांदेड_866: डॉप्लर परिणाम असणार. पाठवणारा वेगात असला की फ्रिक्वेन्सी सरकते.

अँटेनावाला: आकडा काढून बघा. 866 मेगाहर्ट्झला, सेकंदाला 100 मीटर वेगात 290 हर्ट्झ सरकते. बँडविड्थ (सिग्नलचा पट्टा) 125 किलोहर्ट्झची असेल तर कळणारही नाही.

तुरीतला_शोध: 866च आहे. वर जाताना पॅकेट नाहीत, पॅराशूटवर दोन-चार येतात, त्यात जागा जुनीच, पॅडची. नळी पुठ्ठ्याची, टोकाची टोपी कार्बन फायबरची, ट्रॅकर टोपीत. पॅडपासून, म्हणजे उडवायच्या जागेपासून, 30 मीटरवर होतो.

सिमवाला: एवढ्या भानगडीपेक्षा सिमचा ट्रॅकर टाका.

केज_रेडिओ: खोलगट रानात रेंज नसली की तो मुका होतो. आधी जीपीएस बघा. निओचा मूळ मोड पोर्टेबल असतो, तो उभ्या दिशेनं सेकंदाला 50 मीटरपर्यंतच चालतो. चालू होताच सीएफजी-नॅव्ह5 ही सेटिंग बदलायची आज्ञा पाठवून डायनॅमिक मॉडेल 8 (हवेत उडणाऱ्या वस्तूंचा मोड) करा, म्हणजे मर्यादा 100 वर जाते.

अँटेनावाला: ते कराच, पण मूळ दुखणं टोपी आहे. कार्बन फायबरमधून वीज वाहते, त्यामुळे लोरा आणि जीपीएस दोन्ही अडतात. बांधावरची चाचणी टोपी न घालता केली असणार. दुसरं, अँटेनाच्या उभ्या तारेच्या टोकाकडं सिग्नल जवळजवळ जातच नाही आणि 30 मीटरवर उभं राहिलं की तुम्ही नेमके त्या टोकाखाली येता. 300-400 मीटर बाजूला जा, रिसीव्हरची तारही उभी धरा. तार 8.2 सेंटिमीटर ठेवा, लोखंडी दांड्याला चिकटू देऊ नका.

परभणी_आकाश: 865 ते 868ला लायसन्स लागत नाही.

केज_रेडिओ: ते कुणी विचारलंय? शोधताना पॅराशूटवरच्या शेवटच्या पॅकेटच्या जागेपर्यंत आधी चाला. जमिनीवर पडलेल्या ट्रॅकरचा सिग्नल फार जवळच येतो. रिसीव्हर छातीशी धरून सावकाश गोल फिरा. सिग्नल सगळ्यात कमी होईल तेव्हा रॉकेट तुमच्या पाठीमागं आहे. बझरही लावा, उभ्या तुरीत दहा पावलांवरचं दिसत नाही.

तुरीतला_शोध: चाचणी टोपीविनाच होती. आता अंगणात सिग्नलची ताकद मोजली: टोपी काढून उणे 70 डीबीएम, घालून उणे 97, म्हणजे बराच कमजोर.

अँटेनावाला: मग पीएलए प्लास्टिकची टोपी थ्रीडी प्रिंट करून घ्या. वजन बदलेल, गुरुत्वमध्य परत तपासा.