रेसिडेन्सीत टिकायला लागणारा कणखरपणा येतो कुठून?

अर्धी_झोप
मेडिसिन रेसिडेन्सीचा (एमबीबीएसनंतरच्या एमडी ट्रेनिंगचा) तिसरा महिना. काल पहाटे एका आजींना आयव्ही (शिरेतून सलाईन-औषधं द्यायची नळी) लावताना चारदा टोचलं तरी शीर सापडली नाही, त्या बिचाऱ्या "असू दे बाळा" म्हणत होत्या आणि सीनियरने अख्ख्या वॉर्डसमोर झापलं. बाथरूममध्ये जाऊन रडलो. बाकी बॅचमेट्सना काहीच होत नाही वाटतं, मीच कच्चा आहे का?

तिसरा_वॉर्ड
बॅचमेट्सपण त्याच बाथरूममध्ये जातात रे, फक्त वेळा वेगळ्या. आधी आयव्हीचं बोलू, रक्त दिसल्या दिसल्या कॅन्युला (सुईवरची प्लॅस्टिकची नळी, जी शिरेत राहते) सरकवतोस का? माझं कितीतरी महिने तेच चुकत होतं. सुईचं टोक कॅन्युलाच्या थोडं पुढे असतं, म्हणजे रक्त आलं तरी कॅन्युला शिरेबाहेरच असू शकते. रक्त दिसलं की अँगल कमी कर, एक-दोन मिलिमीटर पुढे जा, मग सुई तिथेच धरून नुसती कॅन्युला सरकव. वयस्कर लोकांची शीर सटकते म्हणून कातडी खालच्या बाजूला ताणून धरायची. हे मला सिस्टरनी शिकवलं, सीनियरने नाही. आणि दोनदा जमलं नाही की दुसऱ्याला हाक मार, चौथ्यांदा टोचण्यात कसली आलीय जिद्द, त्रास आजींना होतो ना.

निवांत_नाही
किती तास जागा होतास ते लिहिलंच नाहीस. १९९७ ला नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, सलग १७ तास जागं राहिलं की हात-डोळ्याचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं. पहाटेच्या हातावरून स्वतःची लायकी ठरवू नकोस.

जुनी_रजिस्ट्रार
वरचं बरोबर, पण ड्युटी लिस्ट काय आपल्या हातात असते का? 😑 आणि चारचौघात झापणं म्हणजे शिकवणं नव्हे, ते सहन करण्याला कणखरपणा म्हणू नका प्लीज. एका रात्रीचं रडणं ठीक आहे. पण सुट्टीच्या दिवशीही काहीच नको वाटत असेल, वेळ असून झोप लागत नसेल, जगणं नको असले विचार येत असतील तर सरळ सायकियाट्रिस्टला गाठ, मी गेले होते, परीक्षाही दिली नंतर.

अर्धी_झोप
२२ तास झाले होते. सुट्टीत बरा असतो, तेवढं आहे. आज एक आयव्ही लागली, दुसरी दोनदा टोचून नाही लागली तर सिस्टरना बोलावलं आणि शेजारी उभा राहून बघितलं. सीनियर आहे तसाच आहे.