उकाडा, पंखे आणि विजेचं बिल: तुमचे अनुभव सांगा

कळवेकर: माळा आवरताना आईचा जुना टेबलफॅन सापडला. चाळीत असताना संध्याकाळी बाहेर वारं सुटलं की आई तो खिडकीत बाहेर तोंड करून लावायची आणि समोरचं दार उघडं टाकायची. दिवसभर कोंडलेली गरम हवा बाहेर जायची, दारातून गार झुळूक आत यायची. आता एसीचं बिल बघून ते सगळं आठवलं. तुम्ही कसं भागवता?

नेरूळची_माई: एसी २७ वर, वर पंखा मध्यम. दोघंही छान झोपतो. एसीचा आकडा एका अंशाने वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं बीईई (वीजबचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) सांगते.

घोडबंदर_७वा_मजला: पंख्याने खोली गार होत नाही हो, अंगावरचा घाम सुकतो म्हणून आपल्याला गार वाटतं. खोलीत कुणी नसेल तर बंदच करा. आमच्याकडे मुलं ऐकतील तर शपथ!

ऐरोलीकर: नणंदेने नागपूरहून कूलर पाठवला. तिकडे कोरड्या हवेत तो देवच, पण इथे उश्या, चादरी सगळं दमट. गावी पाठवून दिला.

नेरूळची_माई: @ऐरोलीकर अगं बाई! पापड पण मऊ पडले असतील.

ऐरोलीकर: कुरडयासुद्धा 😭

वायरमन_काका: पंखा मंद फिरतोय म्हणून लगेच नवा घेऊ नका. बहुतेक वेळा कंडेन्सर (मोटरला जोर देणारा छोटा भाग) गेलेला असतो, अडीच मायक्रोफॅरडचा बसतो, स्वस्तात काम होतं. पात्यांच्या कडेला धुळीची काळी किनार धरते, ती ओल्या फडक्याने पुसा. आधी मेन बंद! नवा घ्यायचाच तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा) घ्या. साधा ७५ वॅट खातो, हा ३०च्या आसपास. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या घरात, म्हणजे तेवढ्या विजेत साधे २० पंखे चालतील.

खारीगाव_आई: काका, बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालतो का?

वायरमन_काका: नाही ताई, तो काढून टाका. रिमोटवर चालतो.

खारीगाव_आई: सासूबाईंना रिमोट जमत नाही, त्यांच्या खोलीत साधाच राहू दे मग. त्यांना कोकम सरबत दिलं की दुपार निघते. पण इथे चांगलं आगळ मिळत नाही.

वाशीवाली: मामाने मालवणहून पाठवलंय, दोन बाटल्या जास्तीच्या आहेत. सेक्टर १७ला येणं होतं का तुमचं?

खारीगाव_आई: रविवारी येते!